धायरी ते शिरवळ रोजचा प्रवास: डिझेल गाडी घ्यावी का?

नीराकाठ

नमस्कार मंडळी. गाड्यांवरचे इथले जुने धागे वाचून काढले, पण त्यातले बरेचसे २०१४-१५ च्या आसपासचे आहेत. तेव्हाचं गणित आता लागू होत नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

मी शिरवळ एमआयडीसीत क्वालिटी विभागात काम करते. घर धायरीत, भाड्याचं. जायला साधारण ४५ किमी, यायला तेवढेच. आठवड्याचे सहा दिवस, अधूनमधून शनिवारी सुट्टी. आतापर्यंत कंपनीच्या बसने जात होते, पण माझी वेळ बदलली आणि त्या वेळेला बस नाही. दोन सहकारी वाटेत बसतील, एक जण आंबेगावातून आणि एक वेळूहून. ते पेट्रोलपाण्याला हातभार लावतील.

वर्षाचे २५,००० किमी सहज होतील. बजेट ऑन-रोड १५ लाखांपर्यंत, त्यातलं निम्मं कर्ज. नवऱ्याचं ऑफिस घरापासून ६ किमीवर आहे आणि तो स्कूटरवर जातो. पावसाळ्यात त्यालाही गाडी हवी असते, पण माझ्या वेळेमुळे ते जमणार नाही हे आम्ही दोघांनी मान्य केलंय.

प्रश्न असा: एवढ्या रनिंगला डिझेलच घ्या असं ऑफिसात सगळे सांगतात. शोरूममध्ये मात्र सेल्समन "मॅडम, डिझेल आता कोण घेतं, पेट्रोल घ्या" म्हणतो. माहेरी दादा सीएनजीवर ठाम आहे. मला आपुलकीचे सल्ले खूप मिळालेत, आता आकडे आणि अनुभव हवेत. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. पाळणाघर सातला बंद होतं. हे मुद्दाम लिहिलंय, कारण माझ्या दृष्टीने पैशाइतकाच वेळही मोलाचा आहे.

हिशेबनीस

ताई, आकडे मागितलेत म्हणून आकड्यांनीच सुरुवात करतो. पुण्यात पेट्रोल साधारण १०४ आणि डिझेल ९०.५० धरतो. एकाच गाडीची दोन रूपं घेऊ, म्हणजे तुलना सरळ होईल. चार मीटरच्या आतली एसयूव्ही, एक टर्बो पेट्रोल आणि एक १.५ लिटर डिझेल. कंपनीने जाहीर केलेलं मायलेज बाजूला ठेवा. तुमच्या रस्त्यावर प्रत्यक्षात पेट्रोल १४ आणि डिझेल २० देईल असं मानू.

पेट्रोलचा खर्च किमीला ७.४० रुपयांच्या आसपास, डिझेलचा साडेचार. किमीमागे २.९० वाचले. वर्षाला २५,००० किमी म्हणजे ७२,५००.

आता उलट बाजू. डिझेल मॉडेल शोरूम किमतीतच सव्वा ते दीड लाखाने महाग असतं. शिवाय महाराष्ट्रात वैयक्तिक गाडीला रस्ता कर पेट्रोलपेक्षा डिझेलला दोन टक्के जास्त आहे: दहा लाखांच्या आत पेट्रोल ११, डिझेल १३, दहा ते वीस लाखांत १२ आणि १४. विमा धरून ऑन-रोड फरक पावणेदोन लाखांपर्यंत जातो. सर्व्हिसिंग आणि डीईएफ (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) मिळून वर्षाला पाचेक हजार जास्त धरा. म्हणजे निव्वळ बचत साडेसदुसष्ट हजार आणि फरक वसूल व्हायला साधारण अडीच वर्षांच्या वर. कर्जाचं व्याज धरलं तर तीन वर्षं म्हणा.

हेच गणित वर्षाला ८,००० किमीवाल्या माणसाला लावून बघा. बचत २३,२००, त्यातले पाच हजार वजा, राहिले १८,२००. फरक फिटायला साडेनऊ वर्षं लागतील. म्हणजे सेल्समन सांगतो ते बहुतेक गिऱ्हाइकांच्या बाबतीत खरंच आहे. तुमच्या बाबतीत नाही.

कोथरूडकर_काका

हिशेबनीस यांचं गणित चोख आहे. पार्श्वभूमी म्हणून थोडं लिहितो, कारण डिझेल स्वस्त ही समजूत कुठून आली हे नव्या पिढीला ठाऊक नसतं. २०१२ च्या मे महिन्यात दोन्ही इंधनांच्या दरातला फरक लिटरमागे तीस रुपयांच्या वर गेला होता. डिझेलचा दर सरकार धरून ठेवत होतं आणि पेट्रोल जून २०१० मध्येच मोकळं झालं होतं. त्या काळात आमच्या सोसायटीत रोज जेमतेम पाच किमी जाणाऱ्या लोकांनीही डिझेल गाड्या घेतल्या. जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला लिटरमागे पन्नास-पन्नास पैसे वाढवत नेले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झालं. तिथून फरक आटत गेला.

पुढे १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुरावरचे कडक नियम आले, छोटी डिझेल इंजिनं त्या नियमात बसवणं महाग पडू लागलं आणि मारुतीने डिझेल बंदच केलं. फोक्सवॅगन आणि स्कोडानेही इथे तोच रस्ता धरला. २०२३ मध्ये होंडा त्यातून बाहेर पडली. आता छोट्या गाड्यांत टाटा, महिंद्रा, ह्युंदाई, किया एवढेच उरलेत.

एक गोष्ट मात्र अलीकडे डिझेलच्या बाजूने झालीय. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. आधी उपकर धरून ३१ होता. म्हणून नेक्सॉन, सॉनेट, व्हेन्यू, थ्रीएक्सओ यांची डिझेल मॉडेल्स तुमच्या बजेटात येऊन बसतात. चार मीटरच्या वर गेलात की ४० टक्के. जुने धागे वाचताना किमतींचा हा बदल ध्यानात ठेवा.

सीएनजीवाला

हिशेबनीस दादांनी तुलना टर्बो पेट्रोल एसयूव्हीशीच का केली? रोजच्या जाण्या-येण्याला एसयूव्ही लागते असं कुठे लिहिलंय? साधी टर्बो नसलेली १.२ लिटर पेट्रोल सेडान घ्या. हायवेवर अठरा ते वीस सहज देते. वीसने धरलं तर किमीला ५.२० पडतात, म्हणजे डिझेल एसयूव्हीपेक्षा सत्तर पैसेच जास्त. आणि गाडी तीन-चार लाखांनी स्वस्त. हा फरक डिझेलला कधीच भरून काढता येणार नाही.

त्याच गाडीत सीएनजी घेतली तर अजून स्वस्त. किलोला नव्वदीच्या आसपास भाव आणि किलोत पंचवीस-सव्वीस किमी. म्हणजे किमीला साडेतीन रुपये. सुरक्षितता म्हणाल तर नव्या डिझायरला नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारे मिळालेत. सीएनजीवर रस्ता करही कमी लागतो. माझी स्वतःची सीएनजी गाडी चाकणच्या रस्त्यावर रोज धावते. घरखर्चात त्यामुळे जो मोकळेपणा आला तो दुसऱ्या कशाने आला नसता.

नीराकाठ

@सीएनजीवाला, तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे. आकड्यांत सीएनजी पुढे आहे हे मी मान्य करते. माझी अडचण फक्त रांगेची आहे. सेडानच्या टाकीत प्रत्यक्ष आठ-नऊ किलो गॅस बसतो, म्हणजे सव्वादोनशे किमी. मला दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरावा लागेल. सहाला कंपनीतून निघून सातच्या आत मुलीला घ्यायचं असताना रांगेत वीस मिनिटं गेली तर पाळणाघराच्या ताई दारात उभ्या राहतात. त्यांनाही त्यांचं घर आहे. सकाळी लवकर निघून भरता येईल, पण आधीच साडेसहाला निघते. तुम्ही कधी भरता?

सीएनजीवाला

मी रात्री दहानंतर भरतो. तेव्हा रांग नसते. पण लहान मूल असताना रोजाआड रात्री बाहेर पडणं जमणार नाही, हे कळतंय.

स्पॅनर_सातारा

ताई, मी गॅरेजवाला. सातारा हायवेला गॅरेज आहे, डिझेल गाड्या जास्त येतात. मी काय घ्या ते सांगणार नाही, डिझेलला काय मानवतं तेवढं सांगतो.

आताच्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या लाइनला डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. स्वयंपाकघरातल्या चिमणीला जशी जाळी असते आणि ती तेलकट होऊन भरते, तसा हा काजळी धरून ठेवतो. फरक एवढाच की ही जाळी काढून धुवायची नसते, गाडी स्वतः ती काजळी जाळते. त्याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि तो तापायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग पळायला पाहिजे. साठाच्या वर स्पीड, इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास. सिग्नलला थांबत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे रांगत चालणाऱ्या गाडीला हे साधत नाही.

जळताना मधेच गाडी बंद केली, परत दुसऱ्या दिवशी तसंच झालं, की काजळी साठत जाती. जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल टाकतं. ते पूर्ण जळालं नाही तर सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमधे उतरतं. मग डिपस्टिक काढून बघितली तर ऑइलची पातळी वर चढलेली दिसती. लोक खूश होतात, ऑइल कमी झालं नाही म्हणून. वास घेऊन बघा, डिझेलचा येतो. असलं पातळ ऑइल टर्बोला आणि बेअरिंगला मारतं.

आता तुमचा रस्ता बघू. नवले पुलापासून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत चढ आहे. बोगदा ओलांडून शिंदेवाडीपासून शिरवळपर्यंत तीसेक किमी मोकळा हायवे. खेड शिवापूरला थोडं थांबणं, बाकी गाडी एका तालात पळती. डिझेलला याच्यापेक्षा चांगला रस्ता शोधून सापडायचा नाही. काजळी जाताना जळून जाईल, तुम्हाला कळणार पण नाही.

पण ही गाडी तुम्ही आठवडाभर सुट्टीवर असताना साहेबांनी सहा किमी पेठांमधे फिरवली, तर तीच गाडी त्रास देईल. गाडी तीच, किलोमीटर वेगळे. माझ्याकडे डीपीएफचा दिवा लागून येणाऱ्या दहा गाड्यांतल्या बहुतेक अशाच असतात. घर ते शाळा, शाळा ते भाजी मंडई. त्यांनी डिझेल घ्यायलाच नको होती.

घाटवाट

स्पॅनर दादा, हे कुणी शोरूममध्ये समजावून का सांगत नाही? माझ्या वडिलांना गाडी देताना कुणी एक शब्द बोललं नाही. वडील निवृत्त, गाडी दोन दिवसांनी एकदा निघते, ती पण बँकेपर्यंत. सहा महिन्यांत दिवा लागला. वर्कशॉपला नेली तेव्हा "तुम्ही गाडी चालवतच नाही" असं वडिलांनाच ऐकवलं. ज्या माणसाने आयुष्यभराच्या पैशातून पहिली नवी गाडी घेतली त्याला हे ऐकावं लागणं मला फार लागलं. विकणाऱ्याने एकच प्रश्न विचारायला हवा होता: काका, रोज किती आणि कुठे जाता?

स्पॅनर_सातारा

खरंय. काकांना सांगा, आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास नेऊन आणा. चौथ्या-पाचव्यात, साठ-सत्तरने, मधे न थांबता. दिवा नुसता पिवळा असेल तर बहुतेक वेळा जातो. लाल झाला किंवा गाडीची ताकद एकदम कमी झाली तर चालवू नका, वर्कशॉपला मशीन लावून जाळावं लागतं. पार भरला आणि बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात जातो.

आणि एक. काही ठिकाणी "डीपीएफ काढून टाकतो, कटकट संपली" असं सांगतात. पंधरा-वीस हजार घेतात. ते करू नका. बेकायदा आहे, वॉरंटी जाती आणि मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर काळा धूर जातो. मी ते काम घेत नाही.

श्टुटगार्टहून

मूळ सांगलीचा, गेली बरीच वर्षं जर्मनीत. डिझेलचं काय होऊ शकतं हे इथे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितो.

२०१५ मध्ये इथल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ निम्म्या डिझेल होत्या. लांब अंतराचे नोकरदार डोळे मिटून डिझेल घ्यायचे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचा घोटाळा अमेरिकेत उघड झाला. चाचणीच्या वेळी नायट्रोजन ऑक्साइड कमी दाखवणारं सॉफ्टवेअर गाड्यांत होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने शहरांना डिझेलबंदी घालता येते असा निकाल दिला आणि १ जानेवारी २०१९ पासून आमच्या श्टुटगार्टमध्ये युरो-४ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना बंदी आली. माझ्या शेजाऱ्याची गाडी उत्तम चालत होती, पण शहरात नेता येईना. विकायला काढली तर भाव निम्म्यावर. आता नव्या गाड्यांत डिझेलचा वाटा पाचातला एकसुद्धा नाही.

तरीही माझा एक सहकारी रोज ११० किमी ऑटोबानवर जातो आणि डिझेलच वापरतो. इथे डिझेलवर लिटरमागचा कर पेट्रोलपेक्षा कमी, पण गाडीचा वार्षिक कर जास्त: दर १०० सीसीला पेट्रोलला २ युरो, डिझेलला साडेनऊ. म्हणजे सरकारनेच गणित असं मांडलंय की जास्त पळणाऱ्याला डिझेल परवडावं, कमी पळणाऱ्याला नाही. तुमच्या रस्ता कराच्या दोन टक्क्यांचा परिणामही तसाच काहीसा होतो.

ताईंना सुचवेन की दहा-पंधरा वर्षांचा विचार डोक्यात ठेवून घेऊ नका. सात-आठ वर्षांचा ठेवा. धोरण कधी फिरेल ते आपल्या हातात नसतं.

कोथरूडकर_काका

याला जोडून. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यावरून पुन्हा न्यायालयात बरंच घडलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने निव्वळ वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं, पण डिसेंबर २०२५ मध्ये ही सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच ठेवली. आपल्याकडे तसा दहा वर्षांचा नियम नाही. नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून नूतनीकरण. पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हवेच्या प्रश्नावर सुनावणी करताना पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का ते तपासायला सांगितलं आणि राज्य सरकारने समितीही नेमली. पुण्याला आज काही लागू नाही. पण श्टुटगार्टकरांचा सात-आठ वर्षांचा सल्ला मला पटतो.

विजेरी

एवढी चर्चा झाली आणि विजेवरच्या गाडीचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून मी घेते. रोजचे ९० किमी म्हणजे विजेच्या गाडीसाठी आदर्श. युनिटला सात किमी धरले तर तेरा युनिट. नऊ रुपयांनी धरलं तरी किमीला सव्वा-दीड रुपया. वर्षाला ३५ हजारांच्या आत सगळं इंधन. धूर नाही, गिअर नाही, कात्रजच्या चढाला ताकद भरपूर. पाळणाघरापाशी मुलं उभी असताना मागे नळकांडं नसणं हे मला फार मोलाचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा म्हणून पहिल्या गटात टाकलाय.

नीराकाठ

@विजेरी, अगदी मनापासून सांगते, माझी पहिली पसंती तीच होती. पण घर भाड्याचं आणि पार्किंग उघड्यावर, इमारतीपासून लांब. मालक दुबईत असतात. सोसायटीच्या कमिटीला भेटले. त्यांचं म्हणणं, सभासद अर्ज करेल तर बघू, भाडेकरूला परवानगी देता येणार नाही. मालकांना फोन केला, ते "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले. कंपनीत चार्जर नाही. रोज हायवेवरच्या चार्जरवर थांबायचं तर पुन्हा वेळेचाच प्रश्न येतो, आणि तिथला दर घरच्यापेक्षा बराच जास्त.

आमचा फ्लॅट नऱ्ह्याला होतोय, ताबा मिळायला वेळ आहे. तिथे पार्किंगमध्ये मीटर घेता येईल. तेव्हा दुसरी गाडी नक्की विजेची.

विजेरी

मग माझं म्हणणं मागे घेते. घरी रात्री गाडी लावून ठेवता येत नसेल तर रोजच्या लांब प्रवासाला विजेची गाडी घेऊन जीव मेटाकुटीला येतो. पण नऱ्ह्याच्या बिल्डरकडून पार्किंगपर्यंत केबलची नळी आत्ताच टाकून घ्या. फरशी बसल्यावर फोडाफोडी करावी लागते. आणि विजेच्या गाडीसाठी महावितरणकडून वेगळी जोडणी घेता येते ती घ्या. नाहीतर महिन्याचे तीनशे युनिट घरच्या मीटरवर आले तर तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये जाल आणि मी मांडलेलं सगळं गणित कोसळेल.

रानवाट

ई-२० चा मुद्दा राहिला. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं उतरतंच. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत, इंजिन खराब होण्याची भीती नको. म्हणून हिशेबनीस यांनी पेट्रोलचं मायलेज १४ च धरलंय ते मला बरोबर वाटतं. ऊसवाल्या भागातला आहे, इथेनॉलने कारखान्यांना आणि पर्यायाने आम्हाला पैसा मिळतो, त्यामुळे त्याच्या विरोधात मी नाही. पण गाडी घेणाऱ्याने हे धरून चालावं.

हिशेबनीस

रानवाट, धन्यवाद. सीएनजीवाला यांच्या आक्षेपालाही उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते म्हणतात ते बरोबर आहे. पैसा हा एकच निकष असेल तर या धाग्याचं उत्तर सीएनजी सेडान आहे आणि त्यात वाद नाही. डिझेल एसयूव्ही ही पैसे वाचवणारी गाडी नाही. ती त्याच आकाराच्या पेट्रोल एसयूव्हीपेक्षा स्वस्तात चालते, एवढंच. ताईंनी एसयूव्ही घ्यायची की नाही हे आधी ठरवावं आणि मग इंधनाकडे यावं. उलट्या क्रमाने गेलं की माणूस "डिझेलमुळे वाचतात" म्हणत तीन लाख जास्त घालतो.

आता वेळेचा हिशेब. डिझेलची टाकी ४४ लिटरच्या आसपास, म्हणजे आठशे-साडेआठशे किमी. नऊ दिवसांनी एकदा पंप. सीएनजीला त्याच नऊ दिवसांत चार वेळा. एका वेळची रांग वीस मिनिटांची धरली तर महिन्याचे साडेतीन तास. त्या तासांचं मोल ज्याचं त्याने करायचं. आईचं मोल मी करणार नाही.

घाटवाट

जुनी डिझेल गाडी का नको? बीएस-४ च्या काळातली, २०१८-१९ ची. डीपीएफची कटकट बहुतेकांत नाही, किंमत निम्मी.

स्पॅनर_सातारा

चांगली मिळाली तर वाईट नाही. पण त्या वर्षातली डिझेल आत्ता विकायला येती ती बहुतेक लाख-सव्वा लाख किमी पळालेली असती, आणि मीटर मागं फिरवलेलं नाही याची खात्री कशी करणार? क्लच, टर्बो, इंजेक्टर हे तिन्ही त्याच सुमाराला येतात. तिन्ही एका वर्षात आले तर वाचलेले पैसे गेले. ताई रोज पहाटे एकट्या निघणार, त्यांना रस्त्यात बंद न पडणारी गाडी पाहिजे. नवीच घ्या.

नीराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस तिन्ही गाड्या चालवून पाहिल्या. शोरूमवाले गल्लीतून एक चक्कर मारून आणतात, मी मात्र हट्टाने नवले पुलावरून बोगद्यापर्यंत नेली. मागे नवरा, सासूबाई आणि मुलगी, एसी चालू. सीएनजी सेडान चढाला दोनदा गिअर उतरवून घेत होती, पण गेली. टर्बो पेट्रोल सुरेख, शांत. डिझेल मात्र तिसऱ्या गिअरमध्ये काही न मागता चढली. येताना उतारावर मागे कंटेनर होता. हा नवले पुलाचा उतार म्हणजे ब्रेक फेल झालेल्या ट्रकचा रस्ता, इथले सगळे जाणतात. त्या क्षणी थोडी जड, उंच गाडी असावी असं मला वाटलं. ते आकड्यात मांडता येत नाही, पण रोज त्याच उतारावरून मीच येणार आहे.

डिझेल मॅन्युअल घ्यायचं ठरवलंय. वापर फक्त माझ्या कामाचा आणि गावी कोल्हापूरला जाण्याचा. नवऱ्याने स्पॅनर दादांचा प्रतिसाद वाचून स्वतःच सांगितलं की पेठेत नेणार नाही. स्कूटर आणि चांगला रेनकोट. सात वर्षांत विकायची हे धरूनच कर्ज पाच वर्षांचं घेतलंय.

स्पॅनर दादा, गाडी ताब्यात घेताना आणि पुढे काय काय बघू ते सांगाल का?

स्पॅनर_सातारा

सांगतो.

गाडी बनल्याचा महिना बघा, चासी नंबरवरून कळतो. चार-पाच महिने यार्डात उभी असलेली डिझेल घेऊ नका. डीईएफची टाकी असेल तर ती भरून द्यायला सांगा आणि तिचं झाकण कुठलं, डिझेलचं कुठलं हे घरच्या सगळ्यांना दाखवून ठेवा. सहसा डीईएफचं निळं असतं. पंपावर पोरगं चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ ओतेल तर गाडी चालूच करायची नाही, तिथूनच उचलून न्यायची. डीईएफ सीलबंद कॅनमधलंच घ्या. संपत आलं की गाडी आधी सांगती. तरी दुर्लक्ष केलं आणि टाकी कोरडी झाली तर एकदा बंद केलेली गाडी परत चालू होत नाही.

ऑइल. डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं, तुमच्या पुस्तकात कुठलं ते बघा. साधं ऑइल टाकलं तर त्याची राख फिल्टरमधे बसती, आणि काजळी जळती पण राख जळत नाही. सर्व्हिसिंगला कुठलं ऑइल टाकलं ते बिलावर लिहून घ्या, मग गॅरेज माझं असो की कंपनीचं.

सकाळी चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबून निघा आणि धायरी फाट्यापर्यंत हळू. इंजिन गार असताना नवल्याच्या चढाला जोरात दाबू नका. कधी कंपनीच्या गेटला पोचल्यावर गरम वास आला, आरपीएम नेहमीपेक्षा वर राहिलं आणि बंद केल्यावरही पंखा फिरत राहिला, तर घाबरू नका, जाळण्याचं काम मधेच तुटलंय. रोज रोज व्हायला लागलं तर मात्र येताना कापूरहोळच्या पुढं एक गिअर खाली ठेवून वीस मिनिटं चालवा.

डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्याच्या आधी एकदा काढून घ्या, आणि डिझेल शक्यतो एकाच, जास्त खपाच्या पंपावर भरा. महिन्यातून एकदा डिपस्टिक बघा. पातळी वर चढलेली दिसली तर मला फोटो टाका.